नाक मोकळं झालं, की झाल्यासारखं वाटलं?

पत्र थोडक्यात असं: वय ३४, शाळेत शिक्षिका, राहायला पिंपरीच्या बाजूला. घरात नवरा, सासूबाई आणि पावणेदोन वर्षांची मुलगी. पाच-सहा वर्षांपासून 'सायनस' आहे. सकाळी उठलं की शिंकांची माळ, नाक चोंदलेलं, भुवयांवर आणि गालांत जडपणा. महिन्यातून दोन-तीनदा डोकं असं धरतं की पडदे ओढून पडून राहावं लागतं. दिवाळीत नणंदेने इसेन्शियल ऑइल्सचा (वनस्पतींतून काढलेल्या वासाच्या तेलांचा) संच आणि ती खोलीभर हवेत पसरवणारा डिफ्युझर दिला. ती स्वतः ही तेलं विकते. रात्री निलगिरी आणि पेपरमिंटचे मिळून आठ-दहा थेंब टाकले की नाक मोकळं होतं, दोन तासांनी पुन्हा चोंदतं. नवऱ्याला लहानपणी दमा होता, त्याला हल्ली रात्री खोकला येतो. सासूबाई म्हणतात, ही विकतची थेरं कशाला, ओव्याची पुरचुंडी हुंग. नणंद म्हणते, थेंब वाढव आणि नाकपुडीत बोटाने लाव. 'तेलं तर नैसर्गिक आहेत, मग अपाय कसा होईल? नेमके किती थेंब टाकू? आणि या तिघांपैकी ऐकू कोणाचं?'

तुमच्या पत्रात 'पुन्हा चोंदतं' हे शब्द चार वेळा आले आहेत. मी मोजले. 'किती थेंब' एकदाच, तेही शेवटी. म्हणून मी उत्तर त्या चार वेळांना देणार आहे, थेंबांचा हिशेब वाटेत येईलच.

पण त्याआधी एक गोष्ट, कारणं मागाहून: मुलगी ज्या खोलीत झोपते तिथला डिफ्युझर आज रात्रीपासून बंद करा. कमी थेंब नाही, दार किलकिलं ठेवून नाही, बंदच.

आता कारणं. मेंथॉल (पेपरमिंटमधला गारवा देणारा घटक) किंवा कापराचा उग्र वास अगदी लहान बाळाच्या नाकाशी गेला तर घशाचं द्वार आवळून श्वास क्षणभर अडकू शकतो. छातीला चोळायच्या मलमांवर दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नका असं बारीक अक्षरांत छापलेलं असतं ते यासाठी. आपल्याकडे ते अक्षर कोणी वाचत नाही, बाळाच्या नाकाखाली बोट फिरवून मोकळे होतात. शिवाय निलगिरी आणि कापूर दोन्ही मेंदूला चेतवतात आणि त्यातून आकडी येऊ शकते. चमचाभर, म्हणजे पाच मिली, निलगिरी तेल पोटात गेलं तरी लहान मुलाला गंभीर विषबाधा होऊ शकते. एवढं तेल तुमच्या संचातल्या अर्ध्या बाटलीत असेल. मोठ्यांनाही हे तेल हुंगल्यावर किंवा अंगाला चोळल्यावर आकडी आल्याच्या नोंदी बंगळुरूच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केल्या आहेत. असं घरोघरी रोज घडतं असं नाही. पण ज्यांना पूर्वी आकडी येऊन गेली आहे त्यांनी निलगिरी आणि कापरापासून लांबच राहावं, आणि डॉक्टरांनी 'काही लावलं होतं का' असं विचारलं तर आठवून सांगावं. मलम हे काही औषध नव्हे असं समजून लोक ते सांगतच नाहीत.

नवऱ्याच्या खोकल्याबद्दल तुम्ही लिहिलंय की 'त्याला सगळ्यातच काहीतरी होतं'. मी त्याच्या बाजूने आहे. दमा होऊन गेलेल्या माणसाच्या श्वासनलिका हवेतल्या तिखट वासांना चटकन आवळतात, मग तो वास उदबत्तीचा असो, फिनाइलचा असो की महागड्या पेपरमिंटचा. डिफ्युझरची हीच अडचण आहे. नाक तुमचं चोंदलेलं आणि औषध मात्र खोलीतल्या सगळ्यांना. बोलता न येणाऱ्या मुलीलाही.

आता त्या दोन तासांकडे वळू या.

पेपरमिंटची गोळी चघळा आणि लगेच माठातलं पाणी प्या. पाणी बर्फासारखं लागेल. पाणी गार झालेलं नसतं. जिभेवरच्या, थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना मेंथॉलने छेडलेलं असतं. नाकाच्या अस्तरातही हेच तंतू असतात. आत जाणारी हवा गार लागली की मेंदूचा निष्कर्ष तयार असतो: हवा भरपूर येते आहे, नाक उघडलं. निलगिरी आणि कापूरही कमीअधिक हेच करतात. ब्रिटनमध्ये कार्डिफला रॉन एकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिलं. कापूर, निलगिरी आणि मेंथॉलची वाफ देऊन लोकांना विचारलं, नाक कसं वाटतंय? मोकळं, असं उत्तर आलं. यंत्राने मोजलं तर नाकातून हवा जायला होणारा अडथळा होता तेवढाच होता. हे काम १९८३ साली प्रसिद्ध झालं. त्या तंतूंवरचा, थंडी ओळखणारा रेणू पुढे २००२ साली सापडला, आणि तापमान नि स्पर्श ओळखणाऱ्या अशा रेणूंच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं.

म्हणजे तुमचं नाक रात्री उघडतच नाही. उघडल्यासारखं वाटतं, मग तो वास अंगवळणी पडतो, थंडाव्याची जाणीव बोथट होते आणि आतली सूज जशी होती तशी पुन्हा जाणवायला लागते. दोन तास म्हणजे तेवढाच वेळ. थेंब दुप्पट केले तर फार तर अडीच तास होतील, आणि नवऱ्याचा खोकला मात्र दुप्पट.

हे वाचून 'मग सगळं खोटंच' असं म्हणू नका. झोप लागणं खरं आहे. सर्दीत रात्री अकरा वाजता ज्याला श्वास घेतल्याचं समाधान हवं असतं त्याला हवेचा अडथळा मोजायचा नसतो. मीही सर्दी झाली की रुमालाच्या टोकाला निलगिरीचा एक थेंब लावते. मला त्यातून काय मिळतं आणि काय मिळत नाही ते माहीत असतं, एवढाच फरक.

सासूबाईंच्या पुरचुंडीला तुम्ही पत्रात 'जुन्या समजुती' म्हटलंय. इथे मला जरा हसू आलं, कारण नणंदेच्या संचात आणि सासूबाईंच्या पुरचुंडीत एकच गोष्ट आहे. जुन्या धोतराचा किंवा सुती साडीचा तुकडा, त्यात तव्यावर कोमट केलेला चमचाभर ओवा, गाठ मारायची, तळहातावर चोळायची. चोळताना दाणे फुटतात आणि तो नाकात चढणारा वास येतो. त्यात मुख्यतः थायमॉल, म्हणजे ओव्याचं फूल. हे उडून जाणारं तेल म्हणजेच इसेन्शियल ऑइल. लहानपणी घरात अमृतधारा करताना पाहिली असेल तर आठवा: पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल आणि कापूर, तिन्ही कोरडे खडे एका बाटलीत टाकायचे, बूच लावायचं. पाण्याचा थेंब न घालता थोड्या वेळात बाटलीच्या तळाशी ओलावा दिसायला लागतो, आणि मग तिन्ही खडे विरघळून नुसतं पातळ तेल उरतं. मला आजही ती जादूच वाटते. तुमच्या संचाची पणजी म्हणायची ती.

फरक आहे तो मात्रेत. ओव्याच्या दाण्यात दोन ते चार टक्के तेल असतं. चमचाभर ओवा म्हणजे साधारण अडीच ग्रॅम, म्हणजे त्यातलं सगळं तेल काढलं तरी दीड-दोन थेंब. पुरचुंडीतून त्याचाही थोडासाच भाग हवेत येतो, आणि पुरचुंडी ज्याच्या नाकाशी त्यालाच तो मिळतो. तुम्ही बंद बेडरूममध्ये रात्रभर आठ-दहा थेंब उडवता. सासूबाईंना हा हिशेब माहीत नाही, पण हात बरोबर बसलेला आहे.

सासूबाई जिंकल्या असं मात्र त्यांना सांगू नका, कारण त्यांच्याही परंपरेत खटकणाऱ्या गोष्टी आहेत. निखाऱ्यावर ओवा-वेखंड टाकून बाळाला धुरी देणं म्हणजे त्या एवढ्याशा छातीत धूर भरणं. कापराची वडी फडक्यात बांधून तान्ह्याच्या गळ्यात अडकवायची पद्धत तर ताबडतोब सोडायला हवी. वडी चोखली गेली तर आकडीच. भीमसेनी असला तरी.

'नैसर्गिक' या शब्दाबद्दल दोनच गोष्टी. धोतऱ्याचं बीही नैसर्गिक असतं. आणि ज्याला आपण निलगिरी म्हणतो तो वृक्ष मूळचा ऑस्ट्रेलियातला. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात तो उटीच्या डोंगरांत लावला, आणि आपण डोंगराचं नाव झाडाला आणि झाडाचं तेलाला देऊन टाकलं.

तुम्ही नणंदेच्या बाजूने एक मुद्दा मांडला आहे, की जर्मनीत निलगिरीच्या तेलाने सायनस बरा झाल्याचे अभ्यास आहेत. आहेत, आणि ते टाकाऊ नाहीत. पण ते डिफ्युझरचे नाहीत. निलगिरीतला सिनिओल हा घटक वेगळा काढून, शुद्ध करून, आतड्यात उघडणाऱ्या कॅप्सूलमधून, दर वेळी २०० मिलिग्रॅम, दिवसात तीनदा दिला गेला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात १५२ रुग्ण होते आणि सिनिओल घेणाऱ्यांना औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला तशा कॅप्सूल घेणाऱ्यांपेक्षा लवकर आराम पडला. पोटातून, मोजून, औषध म्हणून दिलेली ती गोष्ट आहे. तिचा दाखला देऊन बाटलीतलं तेल मधात घालून घेणारी माणसं मी पाहिली आहेत. कृपा करून ते करू नका.

आता मला ज्याबद्दल खरं बोलायचं आहे ते. तुम्ही लिहिता, 'मला सायनस आहे.' सायनस सगळ्यांनाच असतात. कपाळात, गालांत, नाकाच्या मुळाशी आणि त्यामागे खोल, अशा हाडांतल्या पोकळ्यांच्या चार जोड्या. त्यांना सूज आली, त्यात स्राव अडकला, की तो आजार. आणि पत्रात तुम्ही जे वर्णन केलंय त्यात मला एक नाही, दोन वेगळे त्रास दिसतात. कदाचित तिसराच असेल. पत्रावरून नाडी बघता येत नाही.

पहिला, सकाळच्या शिंका. उठल्या उठल्या आठ-दहा शिंका, पाण्यासारखं नाक, डोळ्यांच्या कोपऱ्यात खाज (ही असते का, तुम्ही लिहिलेलं नाही, आठवून बघा), आणि दुपारी शाळेत बऱ्यापैकी बरं. असं असेल तर आधी ॲलर्जीचा संशय घ्यायचा. रात्रभर चेहरा जिथे असतो तिथे बघा: उशी, गादी, पांघरूण. जुन्या कापसाच्या गाद्यांत डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे असतात आणि पुण्यातले पावसाळ्याचे चार महिने त्यांना मानवतात. शिवाय तुमच्या भागात मोकळे प्लॉट असतील तर तिथे गाजरगवत असणारच. १९५५-५६ च्या सुमारास पुण्याजवळ पहिल्यांदा नजरेत आलेलं हे गवत आता देशभर पसरलंय आणि त्याच्या परागांनी त्वचेपासून नाकापर्यंत सगळं चाळवतं. पावसाळा संपता संपता तुमचा त्रास वाढतो का? बघा.

दुसरा, ते पडदे ओढून पडून राहणं. सायनसच्या सुजेने डोकं जड होतं, वाकलं की दुखतं, हे खरं. पण उजेड नको वाटावा, आवाज नको, काही तास ते एखादा दिवस आडवं पडावं लागावं आणि मग ते ओसरावं, महिन्यातून दोन-तीनदा, हे ऐकून माझ्या मनात आधी अर्धशिशी येते. अर्धशिशीत कपाळ आणि गाल दुखू शकतात, नाक चोंदू शकतं, डोळ्यांतून पाणी येऊ शकतं. म्हणूनच ती सायनसच्या नावावर खपून जाते. स्वतःला 'सायनसची डोकेदुखी' आहे असं सांगणाऱ्या २,९९१ लोकांना अमेरिकेत तपासलं तेव्हा त्यांतल्या ८८ टक्क्यांची डोकेदुखी अर्धशिशीच्या जातीची निघाली. तो अभ्यास २००४ चा. तुम्ही त्या ८८ मध्ये आहात की १२ मध्ये हे मला माहीत नाही. पण एक वही करा. दुखलं ती तारीख, किती तास, कुठली बाजू, उजेडाचा त्रास झाला का, मळमळलं का, पाळीचा दिवस कितवा, आदल्या रात्री झोप किती, आणि नाकातून काय आलं. दोन महिन्यांची ही वही डॉक्टरांसमोर ठेवलीत तर एक्स-रेपेक्षा जास्त बोलेल.

तिसरी एक बारीक गोष्ट, जिच्यापायी बरेच लोक विनाकारण घाबरतात. 'कधी डावी नाकपुडी बंद, कधी उजवी' असं तुम्ही लिहिलंय. हा आजारच नाही. नाकाच्या दोन बाजू काही तासांच्या अंतराने आळीपाळीने फुगतात आणि ओसरतात, निरोगी माणसाच्याही. १८९५ साली जर्मन डॉक्टर रिचर्ड कायझर यांनी याची वैद्यकीय नोंद केली. आपल्याकडे 'स्वर', म्हणजे चालू असलेली नाकपुडी, बदलतो हे योगाभ्यासी फार आधीपासून सांगत आले आहेत. एरवी हे लक्षात येत नाही. सूज असली की येतं.

मग करायचं काय?

मीठपाण्याने नाक धुवा. सगळ्या घरगुती उपायांत मला सगळ्यात भरवशाचा वाटणारा हा, आणि त्याला काही वासच नसल्यामुळे तो कोणी संच करून विकत नाही. अर्धा लिटर पाणी खळखळून चांगलं पाच मिनिटं उकळायचं, कोमट होऊ द्यायचं, त्यात सपाट छोटा चमचा मीठ, म्हणजे साडेचार-पाच ग्रॅम, आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. नेतीपात्राने किंवा मऊ पिचकारीने, बेसिनवर वाकून, तोंडाने श्वास घेत, एका नाकपुडीतून घालून दुसरीतून जाऊ द्यायचं. उकळलेलंच पाणी हवं, फिल्टरचं असलं तरी उकळा. २०११ साली अमेरिकेत लुइझियानात नळाच्या पाण्याने नेती केल्यामुळे दोघांच्या मेंदूत अमीबा शिरला आणि दोघंही दगावले. प्रकार अत्यंत दुर्मिळ आहे, पण पाणी उकळायला कितीसा गॅस लागतो? पात्र धुऊन कोरडं करून ठेवा. पहिले दोन दिवस नाकात झोंबेल, कानात गुडगुड होईल. तिसऱ्या दिवशी तुम्हीच म्हणाल की आधी का नाही केलं.

वाफ? तुम्ही रोज दोनदा घेता, करोनापासून लागलेली सवय. २०२१ च्या उन्हाळ्यात आपण सगळ्यांनीच जेवणाआधी वाफ घेतली होती, ते यंत्र अजून प्रत्येक घरात आहे. वाईट नाही, बरं वाटतं. पण इंग्लंडमध्ये जुन्या किंवा सारख्या उलटणाऱ्या सायनसच्या ८७१ रुग्णांवर तुलना केली (निकाल २०१६ चा) तेव्हा मीठपाण्याने नाक धुणाऱ्यांना थोडा का होईना खरा फायदा झाला. नुसत्या वाफेने डोकेदुखी जरा कमी झाली, बाकी विशेष काही नाही. आणि वाफेचा धोका नाकाला नसतो, अंगाला असतो. माझा मुलगा चार वर्षांचा असताना मी खाली बसून टॉवेलखाली वाफ घेत होते. 'आई, कुठंय' म्हणत त्याने टॉवेल ओढला. पातेलं कलंडलं ते त्याच्या पावलावर. पंचवीस वर्षं झाली, त्याच्या डाव्या घोट्यापाशी तो गुळगुळीत डाग अजून आहे, आणि त्या वेळी मी डॉक्टर होते. तेव्हा लहान मूल घरात जागं असताना उघड्या पातेल्याची वाफ नको. बाथरूमचं दार लावून गरम पाण्याने सावकाश आंघोळ करा, नाकाला तेवढंच मिळतं. यंत्र वापरलंत तर त्यात तेल टाकू नका. प्लास्टिकही खराब होतं आणि गरम तेलकट शिंतोडा डोळ्यात गेला तर वेगळंच निस्तरावं लागेल.

तेल हवंच असेल, आणि सर्दीच्या रात्री ते हवंसं वाटतं हे मी आधीच कबूल केलंय, तर रुमालाला एक थेंब, मुलगी दुसऱ्या खोलीत झोपल्यावर, पंधरा मिनिटं. किंवा पुरचुंडी. नाकपुडीत बोटाने तेल लावायचा नणंदेचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. नाकाच्या आतली कातडी ओठाच्या आतल्या कातडीसारखी असते. तिथे निर्भेळ पेपरमिंट लावलं तर आग होईल, अस्तर सोलवटेल आणि सूज वाढून नाक आणखी चोंदेल. अंगाला लावायचं असेल तर दोन मोठे चमचे खोबरेल तेलात मिळून दहा थेंबांपेक्षा जास्त नको, आणि आधी कोपराच्या आत लावून एक दिवस थांबायचं. पुन्हा दिवस राहिले तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको.

घरात नाक चटकन उघडणारे थेंब असतीलच, फ्रीजच्या दारात. ते खरोखर सूज उतरवतात, म्हणूनच जपून. तीन दिवस, फार तर पाच. त्यापुढे त्याच थेंबांनी नाक चोंदायला लागतं आणि माणूस वर्षानुवर्षं बाटली खिशात घेऊन फिरतो. माझ्या दवाखान्यात असा एक रिक्षावाला येत असे, त्याला वाटायचं त्याचं नाक जन्मतःच असं आहे.

ॲलर्जीच निघाली तर डॉक्टर बहुधा स्टेरॉइडचा नाकातला फवारा देतील. नाव ऐकून दचकू नका, मात्रा फार थोडी असते आणि ती बहुतेक नाकातच राहते. पण लोक तो दोन दिवस मारून 'काही उपयोग नाही' म्हणून सोडून देतात. त्याला नीट परिणाम दाखवायला आठ-पंधरा दिवस रोजचा नेम लागतो. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डावीत उजव्या हाताने, तोंड बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने. मधल्या पडद्यावर मारला की रक्त येतं, मग औषधाला शिव्या. जोडीला चादरी-अभ्रे आठवड्यातून एकदा कडक गरम पाण्यात धुवा, ऊन असेल त्या दिवशी गाद्या गच्चीवर टाका, आणि झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. झाडू मारायचाच तर तो दुसऱ्या कोणाला द्या. हे काम एकट्याने करायचं नसतं, नवऱ्यालाही हात आहेत.

साधी सर्दी आठ-दहा दिवसांत ओसरते. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवंच असं नाही, हे लिहून लिहून माझी शाई संपली. पण दहा दिवसांनंतरही उतार नसेल, किंवा बरं वाटता वाटता पुन्हा ताप आणि चेहऱ्याचं दुखणं उसळलं, तर दाखवा. एकाच बाजूने घाण वासाचा स्राव येत असेल तर वरच्या दाढेकडे बघायला हवं, तिचं मूळ गालाच्या पोकळीला टेकलेलं असतं. बारा आठवडे सलग त्रास असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने तपासून घ्या. आणि डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणं, मान ताठ होऊन असह्य डोकेदुखी, किंवा मधुमेह असलेल्या कोणाच्या नाकातून काळपट काही आलं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी रुग्णालयात. काळी बुरशी आपण २०२१ मध्ये महाराष्ट्रात पुरेशी पाहिली आहे.

राहिली नणंद. पत्रातली सर्वांत अवघडलेली वाक्यं तिच्याबद्दलची आहेत, नाकाबद्दलची नव्हेत. 'तिचा धंदा नवीन आहे, वाईट वाटेल.' मग तिच्याशी तेलांवर वादच घालू नका. तिला कार्डिफ आणि जर्मनी ऐकवू नका. एवढंच म्हणा: "अगं, तुझं तेल चांगलंय, मी रुमालाला लावते. पण पिल्लू दोन वर्षांचं नाही झालं आणि ह्यांचा खोकला वाढलाय, म्हणून मशीन बंद ठेवलंय." यात खोटं काही नाही आणि तिचा अपमानही नाही. नंतर कधीतरी, घाई नसताना, तिला विचारा की ज्या घरी ती ही तेलं देते तिथे लहान मूल, दम्याचं माणूस किंवा आकडी येणारं कोणी आहे का, हे ती आधी विचारते का. विचारत नसेल तर विचारायला लागेल. धंदा करणारी बाई असं विचारते तेव्हा गिऱ्हाइकाचा तिच्यावरचा विश्वास वाढतोच, आणि ही गोष्ट तिला तुमच्याइतकी चांगली कोणी सांगू शकणार नाही.

वही आजपासून सुरू करा. आणि ती चार बाटल्यांची पेटी ड्रेसिंग टेबलावर असेल तर उचला. देवघराच्या खालच्या खणात कापराची डबी असते ना, मुलीचा हात जिथे पोचतो तिथे? तीही उचला. दोन्ही वरच्या कपाटात ठेवा.